पाण्यावर चालणारी गिरणी

आज आम्ही तुम्हाला एका गिरणीची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजी, गिरणी तर आमच्याही गावात आहे. सकाळी डबा नेऊन ठेवायचा, संध्याकाळी पीठ आणायचे. त्यात सांगण्यासारखे काय? खरे आहे. पण थोडे ऐका तर खरे.

आम्ही लहान होतो तेव्हा पहाटे घरोघर जात्याची घरघर चाले. आमची आई पायलीभर जोंधळे घेऊन दळायला बसे. आम्ही तिच्या मांडीवर डोके ठेवून पडून राहत असू. तिचा एक दंडक होता. जात्याच्या तोंडातली वैरण संपली की ती हात लगेच थांबवी. आम्ही पोरे खोडी म्हणून रिकामे जाते ओढू लागलो, तर पाठीत धपाटा बसे. "रिकामं जातं फिरवू नये रे, घराला बरं नसतं," असे ती म्हणे. का बरे नसते, हे तिला ठाऊक नव्हते. तिला तिच्या आईने सांगितले, तिने आम्हाला सांगितले. पुढे आम्ही मास्तर झालो. चार बुके वाचली आणि ही सगळी खुळी समजूत आहे असे ठरवून मोकळे झालो. त्या समजुतीकडे आपण परत येऊच. आधी एका दूरच्या नदीवर जाऊ.

अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथून मिसिसिपी नदी वाहते. ही नदी आपल्या गोदावरीच्या अडीचपट लांब आहे. एवढ्या लांब नदीवर मोठा धबधबा मात्र एकच. त्या मुलखात पूर्वीपासून डकोटा नावाचे लोक राहत. त्यांना हा धबधबा पवित्र होता. १६८० साली हेनेपिन नावाचा एक युरोपी पाद्री तिथे आला. त्याने आपल्या संताच्या नावावरून धबधब्याला सेंट अँथनी हे नाव दिले. डकोटांनी नदीला आणि धबधब्याला आपली नावे दिलेलीच होती. पण नवीन येणारा माणूस आधीचे नाव विचारीत नाही, ही जगाची रीतच आहे.

पुढे गोऱ्या लोकांचे सैन्य आले. धबधब्यापासून काही कोसांवर त्यांनी किल्ला बांधला. किल्ल्यात शिपाई राहणार, म्हणजे त्यांना भाकरी पाहिजे. पीठ फार लांबून, नदीतून होड्यांनी आणावे लागे. मग शिपायांनीच जमीन नांगरून गहू पेरला आणि १८२३ च्या सुमारास धबधब्याच्या काठी पाण्यावर चालणारी लहानशी गिरणी उभी केली. त्या जागेवरची ही पहिली गिरणी. शेजारी लाकूड कापायची गिरणीही होती. त्या वेळी तिथे शहर नव्हते, दुकान नव्हते, रस्ता नव्हता. आधी गिरणी आली आणि तिच्या मागून गाव आले. आपल्याकडे आधी गाव असते, मग देऊळ होते, मग कधीतरी गिरणी येते. तिकडे उलटे झाले.

पाण्यावर गिरणी कशी चालते, ते ज्यांनी संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची पाणचक्की पाहिली आहे त्यांना सांगायला नको. तिथे दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून चाकावर सोडत. इतरांसाठी सांगतो. वरून पडणाऱ्या पाण्यात जोर असतो. त्या पाण्याखाली पंख्यासारख्या पात्यांचे चाक धरले की ते फिरू लागते. चाकाला उभा दांडा बसवायचा. दांड्याच्या टोकाला जात्याची वरची तळी बसवायची. दांडा फिरला की तळी फिरते. खालची तळी जागच्या जागी राहते. दोन्हींच्या मध्ये दाणा सापडतो आणि त्याचे पीठ होते. बाईच्या हाताऐवजी खुंट्याला नदीने हात लावला, एवढाच फरक. मात्र नदी दमत नाही. तिला रात्र नाही, दिवस नाही, बाळाचे रडणे नाही.

हा जोर पाहून माणसे येऊ लागली. नदीच्या दोन्ही काठांना दोन गावे वसली. एकाचे नाव सेंट अँथनी. दुसऱ्याचे मिनियापोलिस. या दुसऱ्या नावाची गंमत आहे. डकोटांच्या भाषेत 'म्नी' म्हणजे पाणी. ग्रीक भाषेत 'पोलिस' म्हणजे नगर. दोन्ही जोडून झाले पाण्याचे नगर. १८७२ साली दोन्ही गावे एक झाली.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नगराच्या नावात डकोटांचा शब्द राहिला, पण डकोटा राहिले नाहीत. त्यांच्या जमिनी करारांनी गेल्या. करारातले पैसे वेळेवर मिळेनात, लोक उपाशी मरू लागले. १८६२ साली लढाई झाली. डकोटा हरले आणि १८६३ साली सरकारने त्यांना राज्याबाहेर हाकलले. धरणाखाली ज्यांची गावे गेली आहेत अशी माणसे तुमच्यात बसली आहेत. त्यांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही.

आता गिरण्यांकडे वळू. एक एक गिरणी धबधब्यावर किती बसणार? म्हणून कंपनीने काठाकाठाने पाट खणला. पाटातले पाणी एकेका गिरणीच्या पोटात खोल सोडायचे. तळाशी चाक. त्याला टर्बाइन म्हणतात. कोयनेच्या वीजघरातही टर्बाइनच आहेत. चाक फिरवून झाले की पाणी बोगद्यातून परत नदीला मिळे. वॉशबर्न नावाच्या धनिकाने १८६६ साली तिथे मोठी गिरणी बांधली. लोकांनी तिला वॉशबर्नचा वेडेपणा म्हटले. एवढे पीठ खाणार कोण, असा त्यांचा सवाल. लोकांचे चुकले. शिवारात गहू इतका पिकू लागला आणि आगगाडी इतकी लांबवर जाऊ लागली की त्या गिरणीनेही पुरेना.

लोभ मात्र वाईट. काही गिरणीवाल्यांनी आणखी पाणी वळवावे म्हणून नदीच्या तळाखालून बोगदा खणायला घेतला. त्या धबधब्याची ठेवण अशी आहे की वर चुनखडीचा टणक थर आणि त्याखाली वाळूचा मऊ दगड. बोटाने खरवडला तर झडतो असा. ५ ऑक्टोबर १८६९ रोजी नदी वरचा थर फोडून बोगद्यात शिरली. मोठा भोवरा झाला. धबधबाच वाहून जाणार अशी वेळ आली. सारे गाव धावले. लाकडाचे ओंडके, दगड, गवत, जे हाताला लागेल ते भोवऱ्यात टाकू लागले. फुटलेला बांध बुजवताना आपण करतो तसेच. पण नदी ती, सगळे गिळून मोकळी. शेवटी सरकारी इंजिनियरांनी नदीच्या तळाखाली आडवी काँक्रीटची भिंत घातली. तिची लांबी सुमारे १८५० फूट आणि खोली ४० फूट. हे काम १८७६ साली पुरे झाले. आज तिथे धबधबा दिसतो तो माणसाने बांधून काढलेल्या उतारावरून पडतो. धबधबा वाचला तो असा.

आता मुख्य गोष्ट.

त्या भागात थंडी फार. हिवाळ्यात पेरलेला गहू बर्फाने मरतो. म्हणून तिकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पेरतात. हा गहू टणक असतो. त्याचा कोंडा ठिसूळ. जात्यात घातला की कोंड्याचा चुरा होऊन पिठात मिसळतो आणि पीठ काळपट दिसते. शहरातली गिऱ्हाइके पांढऱ्या पिठाला भुलणारी. काळपट पिठाला भाव कमी. आम्हाला विचाराल तर कोंडा असलेलेच पीठ अंगी लागते. पण बाजाराला कोण शिकवणार?

मग १८७०–७१ च्या सुमारास ला क्रोआ नावाच्या कारागिराने तिथे एक यंत्र बसवले. ते यंत्र तुम्हाला चटकन कळेल, कारण तेच काम तुम्ही खळ्यावर करता. वावडीवर उभे राहून सुपातून धान्य खाली सोडायचे. वारा भूस उडवून नेतो, दाणा पायाशी पडतो. त्या यंत्रात दळलेला रवा हलत्या चाळणीवर पसरत आणि खालून वाऱ्याचा झोत सोडत. हलका कोंडा उडून बाजूला जाई. चांगला रवा खाली राही. तो पुन्हा दळला की पांढरेशुभ्र पीठ. जो गहू कुणी विचारीत नव्हते त्याला सोन्याचा भाव आला. वॉशबर्नने १८७४ साली सात मजली गिरणी बांधली. तिला 'ए' गिरणी म्हणत. अमेरिकेत तिच्याएवढी मोठी गिरणी नाही अशी तिची ख्याती झाली.

पण वाऱ्याने कोंडा उडतो, तसे बारीक पीठही उडते. खळ्यावर ते रानात निघून जाते. चार भिंतींच्या आत ते कुठे जाणार? तुळयांवर बसले. पट्ट्यांवर बसले. खिडक्यांच्या चौकटींवर बसले. हवेत धुक्यासारखे तरंगत राहिले. माणसे त्यातच काम करीत होती. डोके पांढरे, भुवया पांढऱ्या. आपला गिरणीवाला असतो तसेच. पिठाला भिणार कोण? पीठ म्हणजे अन्न.

२ मे १८७८. संध्याकाळचे सात वाजले होते. दिवसपाळी सुटली होती. रात्रपाळीची १४ माणसे 'ए' गिरणीत कामाला लागली होती. एकाएकी मोठा भडका उडाला आणि सगळी गिरणी फुटली. दगडी भिंती चहूकडे फेकल्या गेल्या. छप्पर आकाशात उडाले. लगोलग शेजारच्या दोन गिरण्या फुटल्या. मग आग लागली आणि आणखी गिरण्या तीत गेल्या. १६ किलोमीटरवरच्या सेंट पॉल शहरात तो आवाज ऐकू गेला. 'ए' गिरणीतली १४ च्या १४ माणसे मेली. शेजारच्या गिरण्यांतली ४ गेली. सगळी मिळून १८. जी गिरणी आपल्या भरवशाची, जिच्यावर चूल पेटते, तिनेच खाल्ले.

लोक म्हणू लागले, गिरणीत दारूगोळा होता का? दारूगोळा नव्हता. तेव्हा पंच नेमून चौकशी झाली. तिथल्या विद्यापीठातले पेकहॅम आणि पेक हे दोन प्राध्यापक कामाला लागले. पेक यांनी एक पेटी घेतली. आत दिवा ठेवला. चिमूटभर म्हणावे इतके पीठ ठेवले. झाकण लावले आणि भात्याने आत वारा फुंकला. पीठ हवेत उडाले, दिव्याला लागले आणि झाकण फाडकन उघडले. झाकणावर माणसे उभी केली तरी ते त्यांना घेऊन उचलले गेले. मंडळी, हा प्रयोग कुणी घरी करायचा नाही. आम्ही हेडमास्तर म्हणून बजावून ठेवतो. मागच्या बाकावर हसतात त्यांनाही.

असे का होते? लाकडाचा ओंडका काडीने पेटत नाही. त्याच्या ढलप्या केल्या की पेटतात. भुसा केला की लवकर पेटतो. आगीला हवा लागते. वस्तू जितकी बारीक तितकी तिला चोहोबाजूंनी हवा मिळते. पिठाच्या ढिगात काडी टाकली तर ती विझेल. आतल्या पिठाला हवा नाही. पण तेच पीठ हवेत तरंगत असेल तर एकेका कणाभोवती हवा असते. मग एका ठिणगीने सगळे कण एकदम पेटतात. तापलेली हवा फुगते. तिला जागा पाहिजे. जागा नसली की ती भिंती पाडून जागा करते. पहिला भडका लहान असला तरी त्याच्या धक्क्याने तुळयांवरचे साचलेले पीठ खाली झडते आणि दुसरा भडका त्याहून मोठा होतो. साठलेली धूळ ही खरी वैरीण.

आणि ठिणगी कुठून आली? तेच तर सांगायचे आहे. चौकशीत निघाले ते असे. दळण्याच्या दोन तळ्यांमध्ये दाणा असतो तोवर दगडाला दगड लागत नाही. वरून येणारा दाणा थांबला, तरी नदी थांबत नाही. तळी फिरतच राहते. दगड दगडावर घासतो आणि ठिणग्या झडतात. ठिणगीने जवळची धूळ पेटली आणि पुढचे झाले.

हे वाचले त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. रिकामं जातं फिरवू नये रे. आमच्या आईच्या घरातल्या जात्याने काही स्फोट झाला नसता, हे आम्हाला कळते. तिथे फार तर तळी झिजली असती आणि भाकरीत कचकच आली असती. टाकी लावायला पुन्हा पाथरवटाला पैसे मोजावे लागले असते. म्हातारीच्या सांगण्यात एवढा अर्थ होता आणि आम्ही तिला खुळी म्हटले. पण तिचाही एक तोटा होता. तिला 'का' माहीत नव्हते. 'का' माहीत नसले की पोरगा मोठा होऊन ते सांगणे टाकून देतो. आम्ही टाकलेच की.

याहून चटका लावणारी एक गोष्ट आहे. मिनियापोलिसच्या सहा वर्षे आधी, १८७२ साली, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ट्रॅडस्टन नावाची पिठाची गिरणी अशीच फुटली होती. तिथेही १८ माणसे गेली. तिथल्या विद्वानांनी तपास करून लिहून ठेवले की तळ्यांमध्ये दाणा नव्हता, ठिणगी पडली आणि पिठाची धूळ पेटली. म्हणजे 'का' हे कागदावर आले होते. छापले गेले होते. तरी सहा वर्षांनी समुद्रापलीकडे तेच झाले. छापलेला कागद आपल्या पायांनी चालत गिरणीत जात नाही. तो कुणीतरी वाचावा लागतो आणि ज्याच्या हातात कामाचा पट्टा आहे त्याच्या कानावर घालावा लागतो.

मिनियापोलिसमध्ये या वेळी मात्र कानावर घातले गेले. वॉशबर्नने गिरणी पुन्हा बांधायचे ठरवले. १८८० साली नवी 'ए' गिरणी सुरू झाली. तिच्यात धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवली. हवेत पीठ तरंगू द्यायचे नाही, हे पहिले काम. दुसरे, दगडी तळ्या काढून लोखंडी रूळ बसवायचे. उसाच्या चरकात असतात तसे. दाणा दोन रुळांमधून चेपत चेपत जातो. ही रीत युरोपात हंगेरी देशात चालत असे, तिथून ती आली. पीठही जास्त पांढरे निघू लागले. १८८० पासून १९३० पर्यंत, पन्नास वर्षे, त्या एका शहराइतके पीठ जगात दुसरीकडे कुठे निघत नव्हते. वॉशबर्न १८८२ साली वारला. आपल्या मृत्युपत्रात त्याने पोरक्या मुलांच्या आश्रमासाठी पैसे ठेवले होते. मनात काय होते ते त्याचे त्याला ठाऊक.

पुढे विजेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या. विजेला नदीकाठ लागत नाही. पिठाचा धंदा दुसऱ्या शहरांकडे सरकला. १९६५ साली 'ए' गिरणी बंद पडली. १९९१ साली ओस पडलेल्या इमारतीला आग लागली. मोडक्या भिंती न पाडता त्यांच्यातच संग्रहालय केले, ते २००३ साली उघडले. ती धूळ मात्र जुनी झालेली नाही, बरं का. २००८ साली अमेरिकेतच, जॉर्जिया राज्यात, साखरेच्या कारखान्यात साखरेची धूळ अशीच पेटली आणि १४ माणसे मेली. पीठ, साखर, हळद, लाकडाचा भुसा, सगळ्यांची जात एकच.

आता आपल्या गावचे. आपली गिरणी लहान. दार सताड उघडे. तिथे मिनियापोलिससारखे काही होईल अशी भीती आम्ही घालत नाही. पण गेल्या महिन्यात आम्ही दळण घेऊन गेलो, तेव्हा पाहिले. विजेच्या तारेवर बोटभर पीठ बसलेले. बटणाच्या पेटीचे झाकण गेलेले, आत ठिणगी चमकते. आणि आमचे एक स्नेही गिरणीच्या दारात विडी ओढत उभे. आम्ही विडी विझवायला लावली. त्यांना राग आला. अजून बोलत नाहीत. बोलतील.

गिरणीवाल्याला आम्ही पोत्यावर बसून ही सगळी गोष्ट सांगितली. त्याने गिरणी बंद करून ऐकली. मग म्हणाला, "गुरुजी, धूळ झटकायची तर ती पुन्हा हवेतच उडणार ना?" आम्ही गप्प झालो. पोराने खरोखर चांगला प्रश्न विचारला होता. म्हटले, खरे आहे. गिरणी चालू असताना झटकू नकोस. बंद कर, विजेचे बटण बंद कर, दारे उघड, आणि ओल्या फडक्याने हळू पुसून काढ. तारेला मात्र ओले फडके लावू नकोस. ती वायरमनला बोलावून नळीत घालून घे. त्याने मान हलवली. तुळईकडे पाहत राहिला.

थोड्या वेळाने विचारले, "ती अठरा माणसं. त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत का?"

आम्ही म्हटले, आहेत. शहराच्या स्मशानभूमीत गिरणीकामगारांसाठी उंच दगडी खांब उभा केला आहे. त्यावर अठराही नावे कोरलेली आहेत.

"वाचता येतात?"

"येतात," आम्ही म्हणालो.

त्याने गिरणी पुन्हा सुरू केली नाही. कोपऱ्यातला झाडू बाजूला ठेवला आणि बादली घेऊन नळावर गेला. आमचे दळण त्या दिवशी राहिले ते राहिलेच. घरी बोलणी बसली.